रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नर साहेबांना खुलं पत्र: खरी माणसं मशीनला ओळखू येईनात, तोतये मात्र पास होतायत

मा. गव्हर्नर साहेब,
भारतीय रिझर्व्ह बँक, शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई

साहेब, नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्वभागात एक छोटं सेवा केंद्र चालवते. आधार, पॅन, उत्पन्नाचे दाखले वगैरे, आणि एका बँकेची बँक मित्र म्हणून लोकांचे पैसे काढून देणं, भरून घेणं. पत्र तुम्हाला आहे पण उघड लिहितेय, कारण बँकेला केलेल्या तक्रारीचं उत्तर आलंय आणि ते गपचूप फाईलला लावून ठेवणं मला जमणार नाही. उत्तर एका वाक्याचं आहे. सदर व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केला असल्याने बँक जबाबदार राहत नाही. खाली सही, शिक्का.

हे ग्राहक म्हणजे माझे मामा. झेडपीचे निवृत्त मुख्याध्यापक, अक्कलकोट तालुक्यात राहतात. कंजूष म्हणावं इतके हिशोबी, लाइट बिलाचा एकेक रुपया वहीत लिहिणारे. त्यांना दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला आणि पलीकडे त्यांचा मुलगा. म्हणजे आवाज त्याचाच. "अप्पा, माझ्या गाडीनं एकाला उडवलंय, पोलीस चौकीत आहे, माझा फोन काढून घेतलाय, आईला सांगू नका." मामा सांगतात की तो घाबरला की "अप्पा" म्हणताना जसा अडखळतो तसाच अडखळला. मग फोन कुणा "साहेबांनी" घेतला आणि समोरच्या पार्टीशी मिटवायचं म्हणून दोन वेळा मिळून पंच्याण्णव हजार रुपये यूपीआयने पाठवून घेतले. मुलगा त्यावेळी हिंजवडीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसला होता. आवाज कुठून उचलला ते कुणीच सांगू शकत नाही, पण त्याचे ट्रेकिंगचे व्हिडिओ इन्स्टावर सगळ्यांना उघडे आहेत, आणि आवाजाची नक्कल करायला किती नमुना लागतो? मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या जानेवारीतच दाखवलं होतं की तीन सेकंद पुरतात.

आता मुद्द्याचं बोलते.

बँका ज्या नियमाकडे बोट दाखवतात तो तुमचाच आहे, ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा. मी तो वाचलाय, मराठीत नीट मिळाला नाही म्हणून इंग्रजीतला समोर ठेवून एकेक ओळ लावून वाचलाय. चांगला नियम आहे, खरंच. चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, मधेच कुठेतरी गडबड झाली, आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. चूक ग्राहकाचीच होती हे सिद्ध करायचं कामसुद्धा बँकेवर टाकलंय. पण हे सगळं "अनधिकृत" व्यवहारांसाठी, म्हणजे तुमच्या नकळत कुणीतरी पैसे काढले तर. तुम्हाला फसवून तुमच्याच हाताने पैसे पाठवून घेतले तर तो व्यवहार अधिकृत, असं बँका म्हणतात, आणि मग परिपत्रक असून नसल्यासारखं. २०१७ साली मुलाचा आवाज काढणारं मशीन असं सहज कुणाच्या हातात नव्हतं, त्यामुळे तेव्हा ही फट कुणाला दिसली नसेल, समजू शकते. पण आज सगळा धंदाच त्या फटीतून चाललाय. चोराला आता खातं हॅक करायची गरजच उरली नाही, तो सरळ तुमचा मुलगा होतो, सून होतो, सीबीआयचा अधिकारी होतो.

आणि "ग्राहकाचाच निष्काळजीपणा" हा जो शिक्का यातून बसतो, त्याचा मला खरंच राग आहे. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका बड्या इंजिनिअरिंग कंपनीच्या हिशोब खात्यातल्या माणसाने व्हिडिओ मीटिंगमध्ये आपले वरचे साहेब आणि सहकारी बघून तब्बल २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले, आणि नंतर कळलं की त्या मीटिंगमध्ये खरा माणूस तो एकटाच होता, बाकीचे सगळे डीपफेक. आपल्याकडे केरळात कोझिकोडला २०२३ मध्ये एका निवृत्त गृहस्थाला व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवर जुन्या सहकाऱ्याचा चेहरा दाखवून ४०,००० रुपये घेतले होते, ते केरळ पोलिसांनी परत मिळवले हे त्यांचं कौतुक. जिथे कंपनीचा पगारी माणूस फसतो तिथे झेडपीचा मास्तर फसला तर तो निष्काळजी कसा? बापाने पोराचा आवाज ऐकून विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

बँकेत गेलो तेव्हा तिथल्या मॅडमनी आणखी एक सांगितलं, अगदी शांतपणे. आवाज नकली होता याचा पुरावा द्या. आता हा पुरावा आम्ही आणायचा कुठून? कॉल रेकॉर्ड केलेला नाही, नंबर बंद, आणि रेकॉर्डिंग असतं तरी ते मशीनने बनवलंय हे सोलापुरात कुठल्या लॅबमध्ये तपासून मिळतं? म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याने आधी एआयचा एक्सपर्ट व्हायचं आणि मग अर्ज करायचा.

एक गोष्ट मुंबईत बसून कदाचित दिसत नसेल म्हणून लिहिते. आमच्याकडच्या लोकांना इतकी वर्षं भाषेने बऱ्यापैकी वाचवलं होतं. "हम बँक से बोल रहे हैं, आपका एटीएम ब्लॉक हो जाएगा" हे ऐकलं की आमच्या आज्यापण फोन ठेवून द्यायच्या, कारण बँकेतला माणूस असं बोलत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. मेसेज आलाच मराठीत तर इतका मोडका असायचा की हसू यायचं. आता तसं राहिलं नाही. माझ्याकडे लोक जे मेसेज दाखवायला आणतात ते आमच्या ऑफिसच्या नोटिशीपेक्षा शुद्ध मराठीत असतात, "महोदय" पासून "आपला विश्वासू" पर्यंत. लाडकी बहीणच्या केवायसीच्या नकली वेबसाइट निघाल्या तेव्हा खरी कुठली नि खोटी कुठली हे बायकांना सांगताना माझाच घसा बसला. त्यामुळे तुमच्या जाहिरातीत जे सांगतात ना, स्पेलिंगच्या चुका बघा, संशयास्पद भाषा बघा, ते सगळं आता जुनं झालंय साहेब. चुका आता बँकेच्या खऱ्या मेसेजमध्ये जास्त सापडतात.

दुसरी बाजू माझ्या टेबलावरची आहे आणि ती रोजची आहे. पूर्वभागात घरटी एक बाई विडी वळते. तेंदूचं पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, टोक दुमडायचं, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशोबावर. तीस-चाळीस वर्षं हे केल्यावर अंगठ्याचं काय होतं ते मी बघते. गुळगुळीत. मशीनवर बोट ठेवलं की ठसा जुळत नाही म्हणून येतं. मग मी म्हणते आज्जी, बोट पदराला पुसा, आता केसांवरून फिरवा, थोडं तेल लागू द्या, आता दाबा, एवढं नको, हळू. अंगठा नाही तर तर्जनी, तर्जनी नाही तर डाव्या हाताचं बोट. मागे लाइन लागलेली. त्या आज्जी शेवटी मला विचारतात, "अक्का, मी मीच हाय की गं?"

ठसा कडक तपासणं चूक आहे असं मी म्हणत नाही. तेलंगण-आंध्रकडे जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे वेबसाइटवरून उचलून, त्याचे नकली ठसे बनवून लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याच्या केसेस झाल्यात. म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत आधारवाल्यांनी एआयची नवी तपासणी बसवली, बोट जिवंत आहे की रबराचं हे ओळखणारी. बरोबरच केलं. पण मशीन जितकं संशयी होत जातं तितकी झिजलेल्या बोटांची माणसं बाहेर राहतात, आणि त्यांचं काय करायचं हे आमच्या टेबलापर्यंत कुणीच लिहून पोचवलेलं नाही. मग पर्याय चेहऱ्याचा. मोबाईलवर गोल येतो, त्यात तोंड बसवायचं आणि डोळे मिचकवायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली बाई, चष्मा काढला तर स्क्रीन दिसत नाही आणि चष्मा घातला तर काचेवर ट्यूब चमकते. मिचकवा म्हटलं की दोन्ही डोळे घट्ट मिटून बसतात, बिचाऱ्यांना वाटतं फोटोचा फ्लॅश पडणार.

हे फक्त माझं गाऱ्हाणं नाहीये. ॲसिड हल्ला झालेल्यांना पापणी लववता येत नाही, दृष्टिहीनांना स्क्रीनवरचं दिसत नाही, म्हणून डिजिटल केवायसीत ते अडले, सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आणि ३० एप्रिल २०२५ ला कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि जिवंतपणाची खात्री करायला पापणीशिवाय दुसरे मार्ग ठेवा. त्यानंतर तुम्हीही केवायसीच्या नियमात दुरुस्ती केलीत, मान्य. पण ती दुरुस्ती माझ्या टेबलापर्यंत अजून आलेली नाही. बँकेला विचारलं तर "सिस्टीममध्ये ऑप्शन नाही" एवढंच ऐकायला मिळतं.

आता हे आणि मामांचं प्रकरण शेजारी ठेवून बघा. मामांचे पैसे ज्या खात्यात गेले ते परराज्यातल्या एका मजुराच्या नावावर, ऑनलाइन उघडलेलं. तपास करणाऱ्या हवालदार साहेबांनी सांगितलं की त्या माणसाला आपल्या नावावर असं खातं आहे हेच माहीत नव्हतं. त्याच्या कागदांवर भलत्याच कुणीतरी तोंड दाखवून, डोळे मिचकवून, खातं काढलं, पैसे आले, तासाभरात पुढे गेले. म्हणजे आमच्या विडीवाल्या आज्जींना स्वतःचेच पंधराशे रुपये काढताना मशीन अडवतं, आणि दुसऱ्याच्या नावाने आलेला माणूस त्याच मशीनसमोरून आरामात निघून जातो. हे एक पत्र लिहायला बसण्याचं खरं कारण हेच आहे, पंच्याण्णव हजार हे निमित्त.

बरं, पकडायला यंत्रणा नाही असंही नाही. टेलिकॉम खात्याने चेहरे जुळवणारा एआय लावून एकाच चेहऱ्यावर वेगवेगळ्या नावांनी घेतलेली लाखो सिमकार्डं शोधून बंद केली. तुमच्याच इनोव्हेशन हबने म्यूलहंटर बनवलं, असली भाड्याची खाती वागण्यावरून ओळखणारं, डिसेंबर २०२४ च्या पतधोरणात त्याचा मोठा उल्लेख झाला होता. आणि तरीही जवळजवळ एक वर्षाने, १ डिसेंबर २०२५ ला, डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे खोटे पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे उकळण्याच्या प्रकाराच्या सुनावणीत सुप्रीम कोर्टाला तुम्हालाच नोटीस काढून विचारावं लागलं की अशी खाती शोधून गोठवायला एआय का वापरलं जात नाहीये. गृह खात्याने संसदेत दिलेला आकडा आहे, सायबर फसवणुकीत लोकांचे २०२३ मध्ये ७,४६५ कोटी गेले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. हत्यार तुमच्याकडे आहे, मग ते प्रत्येक बँकेला, अगदी जिल्हा सहकारी बँकेपर्यंत, सक्तीचं का नाही?

उलट जिथे मशीन धडाधड चालतं तिथे ते गरिबावर चालतं. आमच्या चौकात एक भाजीवाला आहे, त्याला कुणीतरी क्यूआरवर दोनशे चाळीस रुपये दिले, ते पैसे फिरून फिरून कुठल्या तरी फसवणुकीतले निघाले, आणि त्याचं अख्खं खातं बंद. दोनशे चाळीस नाही, सगळंच. पोरीची फी, मार्केट यार्डातली उधारी, सगळं अडकलं. कुठल्या राज्याच्या पोलिसांनी बंद केलं ते बँक सांगेना, आणि सांगितलं तेव्हा तिकडच्या ठाण्यात फोन कुणी उचलेना. यात कुणी माणसाने डोकं घालून निर्णय घेतला असेल असं मला तरी वाटत नाही.

तुम्ही काहीच केलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. बँकांच्या वेबसाइट "बँक डॉट इन" वर नेल्यात, हे चांगलं काम. बँकेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यावेत हेही ठरलं, टेलिकॉमवाल्यांनी. फक्त ते इकडे कुणालाही माहीत नाही, मी केंद्रावर कागद चिकटवलाय तेवढीच जाहिरात. आमच्यासारख्या आधारवर पैसे देणाऱ्या ऑपरेटरांची तपासणी कडक केलीत, माझं स्वतःचं काम वाढलं पण तक्रार नाही, आमच्यातही नग आहेत. फेब्रुवारी २०२६ च्या पतधोरणात छोट्या फसवणुकीला २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणू म्हणालात, आणि ज्येष्ठांसाठी जादा तपासणी, पैसे उशिरा जमा होणं यावर विचार करू म्हणालात. दिशा बरोबर आहे, म्हणूनच आता बोलतेय, नियम पक्के झाल्यावर बोलून उपयोग नसतो. पण २५ हजार म्हणजे आमच्या मामांच्या नुकसानीचा चौथा हिस्सा, आणि डिजिटल अरेस्टमध्ये आयुष्यभराची पुंजी घालवलेल्यांना तर ते रिक्षाभाडं.

"जानकार बनिए, सतर्क रहिए" ही तुमची जाहिरात आम्ही ऐकत आलोय. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये तुमच्या आधीच्या गव्हर्नर साहेबांचेच नकली व्हिडिओ फिरायला लागले, गुंतवणुकीच्या स्कीम सांगणारे, आणि रिझर्व्ह बँकेला खुलासा काढावा लागला की ते आम्ही नव्हे. सचिन तेंडुलकरलाही २०२४ च्या जानेवारीत तेच करावं लागलं. देशाच्या नोटेवर ज्यांची सही असते त्यांचा चेहरा सुरक्षित राहिला नाही, तर मग सतर्क राहा म्हणून आमच्यावर सोडून देणं बरोबर आहे का?

आमच्या मागण्या सरळ आहेत.

२०१७ पासूनच्या या नियमात दुरुस्ती करा. दुसऱ्याचा आवाज, चेहरा, ओळख वापरून ग्राहकाकडून पैसे पाठवून घेतले असतील तर "पिन स्वतः टाकला" एवढ्यावर तक्रार निकाली काढायला बंदी घाला, आणि ग्राहकाने एआयचा पुरावा आणावा अशी अट कुठल्याही बँकेने घालू नये हे स्पष्ट शब्दांत लिहा.

नुकसान दोन्ही बँकांनी वाटून घ्यावं, जिथून पैसे गेले ती आणि जिथे गेले ती. हे माझ्या मनचं नाही, इंग्लंडमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून असाच नियम आहे, अशा फसवणुकीत ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यायचे आणि दोन्ही बाजूंनी निम्मे निम्मे भरायचे. पैसे घेणाऱ्या बँकेच्या खिशाला चाट बसायला लागली ना, की बघा खाती कशी तपासून उघडतात ते. आज तिला कुणी विचारतच नाही. आमच्या तक्रारीच्या कागदावर त्या बँकेचं नावसुद्धा नाही.

नव्या, आधी कधी पैसे न पाठवलेल्या खात्यात मोठी रक्कम जात असेल तर ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत ती काही तास थांबवून ठेवा, आणि ग्राहकाने आधीच नेमून दिलेल्या एका घरच्या माणसाला मेसेज जाऊ द्या. ज्यांना नको असेल ते बंद करतील. थोडी गैरसोय होईल हे कबूल, दवाखान्याचे पैसे अडकले तर लोक शिव्या घालतील, त्यासाठी बँकेत फोन उचलणारा माणूस ठेवा. मराठी बोलणारा. एक दाबा दोन दाबा नको.

अंगठा आणि चेहरा दोन्ही जुळत नसेल तर तिसरा, माणसाने करायचा मार्ग प्रत्येक शाखेत आणि प्रत्येक बँक मित्राकडे लेखी असावा, त्याचा बोर्ड मराठीत लावलेला असावा, आणि मशीनने नाही म्हटलं म्हणून कुणालाही हात हलवत परत पाठवू नये. किती जणांना मशीनने नाकारलं याचे आकडे बँकांकडून मागवा आणि जाहीर करा. फसवणुकीचे आकडे येतात, नाकारलेल्यांचे कधीच येत नाहीत.

खातं गोठवायचं तर संशयातली रक्कम गोठवा, अख्खं खातं नाही. कारण, आदेश कुणाचा, संपर्क कुठे करायचा, किती दिवसांत सुटणार, हे खातेदाराला त्याच्या भाषेत त्याच दिवशी कळवा.

आणि म्यूलहंटर किंवा तसं दुसरं काही, सगळ्या बँकांना तारीख घालून सक्तीचं करा. ती तारीख लोकांना सांगा.

मामांच्या तक्रारीचा नंबर, १९३० या सायबर हेल्पलाइनवरची पोच, बँकेचं ते एका वाक्याचं उत्तर, हे सगळं तुमच्या कार्यालयाला वेगळ्या पाकिटातून रजिस्टर पोस्टाने पाठवतेय, इथे जाहीर टाकत नाही. ज्यांच्याकडे असंच उत्तर आलंय त्यांनीही आपापलं पत्र रिझर्व्ह बँकेला पाठवावं, पोच जपून ठेवावी. केंद्रावर येणाऱ्या कुणालाही असा अर्ज लिहून हवा असेल तर मी लिहून देते, त्याचे पैसे घेत नाही.

आपली,
पूर्वभाग, सोलापूर येथील एक बँक मित्र